बाबासाहेबांचे न्यूयॉर्क आणि आपले परळ

गेल्या बुद्ध पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटून झाली आणि बायामाणसे जरा टेकली होती. आमच्या चाळीतली एक ताई मोबाईल काढून सगळ्यांना फोटो दाखवू लागली. तिचा मुलगा शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडात शिकायला गेला आहे. फोटोत तो चार मित्रांबरोबर एका जुन्या दगडी पुलावर उभा आहे. एक गोरा, एक काळा, एक चिनी तोंडवळ्याची मुलगी, एक दाढीवाला, आणि मध्ये आपला पोरगा, तोंडभर हसतोय. दुसऱ्या फोटोत किल्ला, तिसऱ्यात कुठलेसे चर्च. आमच्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्यांनी फोटो पाहिले आणि म्हणाले, "काय गं ताई, पोरगं शिकायला गेलंय का फिरायला? बाबासाहेब तिकडं अठरा-अठरा तास अभ्यास करायचे म्हणावं त्याला." सगळे हसले. खोटे कशाला बोला, आम्हीही हसलो. ताईने मोबाईल पिशवीत टाकला आणि भांडी घासायला उठून गेली.

अठरा तासांची गोष्ट खरीच आहे, तिच्याबद्दल वाद नाही. पण ती अर्धी गोष्ट आहे. संपादक मंडळाने या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा आम्ही ठरवले की उरलेली अर्धी लिहावी. आम्ही काही इतिहासकार नव्हे. शाळा नववीत सुटली, उमेदीची वर्षे गिरणीच्या साचाखात्यात गेली. बदली कामगार म्हणून लागलो आणि गिरणीला कुलूप लागेपर्यंत राहिलो. रात्रपाळी सुटली की झोप मोडून जे वाचले, धनंजय कीरांचे चरित्र, खैरमोड्यांचे खंड, बाबासाहेबांचे स्वतःचे लिखाण, त्या जोरावर हे लिहीत आहोत.

बाबासाहेब न्यूयॉर्कला कसे राहिले हे समजायचे तर आधी ते मुंबईत कसे राहिले हे बघावे लागते. सुभेदार रामजी साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत राहिले. एक खोली, तीत सगळे कुटुंब. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलला जायचे. तिथे एकदा मास्तरांनी त्यांना फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर वर्गातली पोरे धावली आणि फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे उचलून बाजूला फेकू लागली. फळ्याला हात लागला तर डबा बाटेल म्हणून! पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, तर तिथल्या हॉटेलवाल्याने चहा-पाणी द्यायचे नाकारले. म्हणजे मुंबईसारख्या शहरात, जिथे ट्राम सगळ्यांना पैसे घेऊन बसवून नेत होती, तिथे एक हुशार विद्यार्थी चहाच्या कपाला महाग होता.

शहरात त्यांना हक्काने बसता येईल अशा जागा थोड्याच. त्यातली एक गिरगावची चर्नी रोडची बाग. शाळा सुटल्यावर ते तिथे पुस्तक घेऊन बसत. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्यांना हेरले. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा भरलेल्या सभेत याच केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. आपल्या विहाराची वाट कुठून निघाली असे पोरे विचारतात. त्यांना आम्ही सांगतो, चर्नी रोड स्टेशनला उतरा आणि बाग बघा.

पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, शिकून आल्यावर संस्थानची नोकरी करायची असा करार झाला, आणि जुलै 1913 मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला पोचले. वय 22. घरी रमाई आणि तान्हा यशवंत.

ते न्यूयॉर्क काय होते, ते जरा डोळ्यांसमोर आणा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वुलवर्थ नावाची इमारत उघडली होती, 792 फूट उंच, तेव्हा जगात तिच्यापेक्षा उंच इमारत नव्हती. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रँड सेंट्रल हे मोठे स्टेशन सुरू झालेले. जमिनीखालून विजेवर धावणारी गाडी 1904 पासून चालू होती, आणि आपल्याकडे पहिली विजेची लोकल बोरीबंदर ते कुर्ला धावली ती 1925 साली. त्या भुयारी गाडीचे एक स्टेशन 116 व्या रस्त्यावर कोलंबिया विद्यापीठाच्या दाराशीच होते. पाच सेंट टाकले की या टोकापासून त्या टोकापर्यंत जा, शेजारी कोण बसलाय ते कोणी विचारत नाही.

बाबासाहेब आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथे आठवडाभरच राहिले, कारण जेवण मानवेना, त्यात गोमांस असे. मग 114 व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले, तिथे हिंदी विद्यार्थ्यांची मंडळी होती. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये स्थिरावले ते नवल भथेना या पारशी मित्राच्या सोबतीने. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे लागणार आहे.

आता ती अर्धी गोष्ट, जी भाषणांत सहसा येत नाही. पहिले काही महिने बाबासाहेबांनी फार अभ्यास केला नाही! मित्रांच्या संगतीत हिंडणे-फिरणे, खेळ, गप्पा यात दिवस गेले. चरित्रकारांनी हे लपवलेले नाही, आपणच ते पान भराभर उलटतो. आम्हाला तर ते पान फार मोलाचे वाटते. विचार करा, ज्याच्या हाताने फळा बाटत होता, तो तरुण आता सगळ्यांच्या बरोबरीने पांढरे कापड अंथरलेल्या टेबलावर जेवतोय, मांडीवर रुमाल आहे, बाजूचा माणूस त्याच्याकडे मीठ मागतोय. तो कुठल्याही नळाचे पाणी पितोय, कुठल्याही बाकावर टेकतोय, मित्राच्या खांद्यावर हात टाकून रस्त्याने चालतोय. बावीस वर्षांत पहिल्यांदा हे घडत असेल तर चार दिवस माणूस पुस्तक उघडेल का? आम्ही तर म्हणू, हाही अभ्यासच होता. समता म्हणजे काय हे पुस्तकात नंतर वाचले, पायांना आधी कळले.

मग एका रात्री त्यांच्या मनाने उचल खाल्ली. आपण इथे कशासाठी आलो, घरच्यांनी कसे दिवस काढून पाठवले, हे आठवले आणि त्यानंतर ती अठरा तासांची गोष्ट सुरू झाली. सेलिग्मन, जॉन ड्यूई, शॉटवेल, रॉबिन्सन, गोल्डनवायझर असे एकेक दिग्गज गुरू. अर्थशास्त्राचेच 29 अभ्यासक्रम घेतले, शिवाय इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान. 1915 साली एम. ए. झाले. 9 मे 1916 रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला, वय 25. जात म्हणजे काय हे आपल्या गावात विचारायची सोय नव्हती. ते त्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांपुढे उभे राहून उलगडून सांगितले. हिंडणारा भीमराव आणि अठरा तास वाचणारा भीमराव, दोन वेगळी माणसे नव्हती.

आणि हिंडणे काही संपले नाही, फक्त रस्ता बदलला. आता पावले जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळू लागली. पोटाला चिमटा काढून त्यांनी सुमारे 2000 जुनी पुस्तके जमवली. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कावर आपली माणसे गाडीभाड्याच्या पैशांतून पुस्तके घेतात, तेव्हा आम्हाला न्यूयॉर्कची ती दुकाने आठवतात. न पाहिलेली, पण आठवतात.

याच काळात त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिले. मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचेही शिक्षण चालवले तर आपली प्रगती झपाट्याने होईल, असा त्याचा आशय. लाला लजपतराय तेव्हा अमेरिकेत होते, त्यांनी बाबासाहेबांना राजकीय चळवळीत ओढू पाहिले. बाबासाहेबांनी नम्रपणे नाही म्हटले. महाराजांना शब्द दिला होता, आधी शिक्षण पुरे करायचे होते.

पण न्यूयॉर्क म्हणजे स्वर्ग होता असे कोणी समजू नये. आम्ही या शहराचा इतिहास थोडा खोदून बघितला आणि चकित झालो. हे शहर वसवले डच लोकांनी. इंग्रजांनी ते त्यांच्याकडून 1664 साली घेतले आणि न्यूयॉर्क नाव दिले. आपली मुंबई इंग्रजांच्या ताब्यात आली 1665 साली. म्हणजे एका वर्षाच्या अंतराने दोन्ही शहरांवर एकच झेंडा! डचांनी 1653 साली गावाच्या उत्तरेला एक तट बांधला होता, त्यात गुलामांची मेहनत होती. त्याच तटाच्या जागी आज वॉल स्ट्रीट आहे, जिथे जगाचा शेअर बाजार चालतो. 1711 पासून त्या रस्त्यावर गुलामांचा बाजार भरत असे. 1697 साली तिथल्या ट्रिनिटी चर्चने आपल्या दफनभूमीत काळ्या माणसांना पुरायला बंदी केली. मग त्यांनी मेलेली माणसे न्यायची कुठे? तटाबाहेर. गावकुसाबाहेर! हा शब्द आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

ती दफनभूमी पुढे मातीखाली गेली, वर इमारती चढल्या, लोक विसरले. 1991 साली एका सरकारी इमारतीचा पाया खणताना हाडे लागली. 400 हून अधिक माणसांचे अवशेष निघाले, त्यांत लहान मुलेही पुष्कळ. 2003 साली त्यांचे सन्मानाने पुन्हा दफन झाले आणि 2006 साली ती जागा राष्ट्रीय स्मारक झाली. जगातली सर्वात उंच ती वुलवर्थ इमारत तिथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे. बाबासाहेब न्यूयॉर्कला होते तेव्हा ही माणसे त्या झगमगाटाखाली अंधारात पडून होती.

आणि जिवंत काळ्या माणसांचे काय? कोलंबिया टेकडीवर आहे, टेकडी उतरली की हार्लेम. नेमक्या त्याच वर्षांत काळ्या लोकांची वस्ती तिथे वाढत होती. त्यांचे पुढारी डुबॉइस 1910 पासून न्यूयॉर्कमधूनच आपले नियतकालिक चालवत होते. बाबासाहेबांना बसायला मिळालेले टेबल त्यांच्यापैकी अनेकांना मिळत नव्हते. ही गोष्ट ते विसरले नाहीत. गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना त्यांनी पुढे सविस्तर लिहिली, आणि 1946 साली डुबॉइस यांना पत्र पाठवून अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची माहिती मागवली. डुबॉइस यांनी उत्तरही दिले.

1916 च्या मध्याला बाबासाहेब लंडनला गेले. तिथली कथा वेगळ्या लेखाची आहे. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि ऑगस्ट 1917 मध्ये ते मुंबईला परतले. पुस्तकांचे काय झाले? न्यूयॉर्कची 2000 पुस्तके एका स्नेह्याच्या हवाली केली होती, त्यातली काहीच हाती आली. लंडनहून निघालेले सामान ज्या जहाजावर होते ते महायुद्धात बुडवले गेले. कंपनीने 600 रुपये भरपाई दिली.

करारानुसार नोकरीसाठी सप्टेंबरात बडोद्याला गेले. पुढचे बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. परदेशातल्या मुक्कामात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसून गेली होती. ती परत आली ती बडोदा स्टेशनवर. उतरायचे कुठे? हिंदूंच्या खाणावळीत जात विचारणार. अमेरिकेत शिकायला आलेले ओळखीचे मित्र बडोद्यात होते. त्यांच्याकडे जावे? ते दार उघडतील का, याची मनाला खात्री देता येईना.

इथे आम्ही पुस्तक मिटून बसलो होतो. समुद्रापलीकडे जे मित्र होते त्यांच्याच दारावर बडोद्यात हात ठेवायला भीती वाटली. माणसे तीच, मग बदलले काय? तिथे भेटले ते सुटे भेटले, इथे प्रत्येकाच्या मागे घर होते, सोयरे होते, स्वयंपाकघर होते.

शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लिहून, रोज दीड रुपया भाड्याने ते राहिले. अंधारी जागा, वटवाघळे, एक कंदील. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्याने वर आले. आठ दिवसांची मुदत मागितली, मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत चालते व्हा. दोन मित्रांना विचारले, एक हिंदू, एक ख्रिस्ती. एक म्हणाला तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील, दुसरा म्हणाला बायकोला विचारावे लागेल. मग कामाठी बागेत, जिला सयाजी बाग म्हणतात, तिथे दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. न्यूयॉर्कच्या कुठल्याही रस्त्यावर बिनघोर हिंडलेला एम. ए. पदवीधर, ज्याचा पीएच.डी.चा प्रबंधही लिहून झाला होता, आपल्याच देशात झाडाखाली बसून गाडीची वेळ मोजत होता.

मुंबईत 1918 साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथे काही प्राध्यापकांनी हरकत घेतली की यांनी आमच्या माठातले पाणी पिऊ नये. आम्ही गिरणीतली माणसे, आम्हाला याचे नवल वाटत नाही. आम्ही ज्या साचाखात्यात काम केले, त्यात आमच्या आजोबांच्या पिढीला पाऊल टाकता येत नव्हते. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, मग आमची उष्टी नळी दुसऱ्याने तोंडाला कशी लावायची? जास्त पगाराचे खाते म्हणून आमच्यासाठी बंद. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. लाल बावटा एकजुटीचा, पण धाग्याशी आले की जात आडवी! पांढऱ्या कापडाच्या टेबलावर जेवून आलेल्या माणसालाच हे इतके टोचले असेल.

आता नवल भथेना. बडोद्यात काठ्या घेऊन आले तेही पारशी आणि नवलही पारशी, म्हणून आम्ही कुठल्याही समाजाला एका मापाने मोजत नाही. 1920 साली बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला निघाले. साठवलेला पगार होता, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत होती, आणि 5000 रुपये कर्जाऊ दिले ते नवल भथेनांनी. त्या काळचे 5000! वसतिगृहातल्या त्या दोस्तीचे हे फळ. लंडनमध्येही पैशाची ओढ लागली की बाबासाहेब नवललाच पत्र लिहीत. दोस्ती जन्मभर टिकली. पुढे बॅरिस्टर झाले, डी. एस्सी. झाले, ते आपण दर 14 एप्रिलला ऐकतो. त्या पदव्यांच्या हिशोबात लिव्हिंग्स्टन हॉलच्या दोस्तीचा आकडा कोणी धरत नाही.

स्वतः बाबासाहेबांनी मात्र धरला होता. 1930 साली त्यांनी कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या पत्रात सांगितले की आयुष्यातले आपले उत्तम मित्र म्हणजे तिथले काही सहाध्यायी आणि तिथले थोर गुरुजन. पोयबावडीच्या बीआयटी चाळीत, 50 आणि 51 नंबरच्या खोल्यांत राहणारा माणूस हे सांगत होता. चवदार तळे होऊन गेले होते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याच वर्षी सुरू झाला होता. 1952 साली ते पुन्हा न्यूयॉर्कला गेले, तेव्हा 5 जून रोजी त्याच कोलंबियाने त्यांना एलएल. डी. ही सन्माननीय पदवी दिली. प्रकृती खालावलेली होती, तरी गेले.

लेख लिहून झाला तेव्हा आम्ही कागद घेऊन ताईच्या घरी गेलो. ती वाटण करत होती. हात पुसून बसली, सगळे ऐकले. मधेच एकदा म्हणाली, "दादा, त्या बागेत दिवसभर बसले तेव्हा जेवले असतील का हो?" आम्ही गप्प बसलो. मग आम्हीच म्हणालो, ते फोटो पुन्हा दाखवा, त्या दिवशी नीट बघितले नाहीत. तिने चष्मा शोधून एकेक फोटो मोठा करून दाखवला आणि मित्रांची नावे सांगितली, मुलाने तिला ती फोनवर पाठ करायला लावली आहेत. दाढीवाला तुर्कस्तानचा. काळा मुलगा नायजेरियाचा, तो भात छान शिजवतो. आणि आम्ही जिला चिनी समजत होतो ती मुलगी निघाली व्हिएतनामची. तिच्या घरीही बुद्धाची मूर्ती आहे म्हणे, आणि तिच्या आईने आपल्या पोराला विचारले होते की तुमच्याकडे पौर्णिमेला काय करतात. त्याने खीर सांगितली.